फटीच्या मापाचं कुत्रं

लँटी : ऊठ तिथून, एस्थर.

एस्थर : नाही उठत.

लँटी : मामांनी सुरुंगाची दारू खाणीपासून पाठीवर वाहून आणलीय. एवढा कडा चढून आलेत म्हातारपणी. ते तुला शिळेवर बसलेली बघायला नाही.

एस्थर : मग लावा की माझ्या बुडाखाली. मी काही वात विझवायला येत नाही. पण उठणार नाही.

आयझॅक : पोरी, तुझ्या जिभेला काही हाड?

एस्थर : मामा, तुम्हीच सांगा. फटीच्या तोंडावरच्या या शिळेखाली दारू लावली तर आतलं छप्पर टिकेल?

आयझॅक : ही शिळा फुटेल, एवढं सांगतो. जन्मभर खाणीत तेच केलं. आतलं मला दिसत नाही. जे दिसत नाही त्याची हमी मी माझ्या बायकोलाही कधी दिली नाही.

लँटी : ऐकतेस? तो बघ. परत विव्हळतोय. टर्क! आहे रे मी इथे! आहे, राजा!

एस्थर : ऐकतेय. काल सकाळपासून मी पण इथेच आहे, लँटी.

लँटी : मग तुझं काळीज दगडाचं आहे का? माझा टर्क जिवंत आहे, कानांनी ऐकू येतोय. तुझ्या नेटलचा काल दुपारपासून आवाज नाही. हूं नाही की चूं नाही. जे मेलंय त्याच्यासाठी जे जिवंत आहे ते मारायचं?

एस्थर : मेली म्हणून कुणी सांगितलं तुला?

लँटी : मग गप्प का?

एस्थर : ती गप्पच असते. काम नसताना भुंकत बसायला ती काय तुझं प्रदर्शनातलं कुत्रं आहे?

लँटी : मामा, बघा. हे असं बोलते.

आयझॅक : मी कुणाच्या मध्ये पडत नाही. तुमची आई माझी बहीण आहे, मला अजून तिच्या हातचं जेवायचंय. फक्त मला एकदा नीट सांगा, दोन कुत्री एकाच फटीत गेली कशी? खाणीवर निरोप आला तो एवढाच, की ‘दारू घेऊन या’.

लँटी : कोल्हीण होती. तिनं एस्थरची कोकरं मारली.

एस्थर : माझं मी सांगते. कोल्हीण माझ्या कुरणातून रोज एक कोकरू उचलत होती, मामा. काल शिकारीची टोळी आली, कुत्र्यांनी माग काढत काढत तिला या दगडांच्या राशीत घातली. मी नेटलला सोडलं. नेटल सुळ्ळकन आत गेली. आतून भुंकणं आलं, एकाच जागेवरून. म्हणजे कोल्हीण धरलेली, पळायला वाट नाही. आता फक्त थांबायचं होतं. पण तिथे सगळे उभे होते ना, टोळीतले.

लँटी : त्याचा काय संबंध?

एस्थर : त्यांच्यातला एक म्हणाला, ‘लँटी, तुझा पहिल्या नंबरचा कुत्रा काय नुसता बक्षिसाची फीत मिरवायला आणलास?’ आणि सगळे हसले. हसले की नाही?

लँटी : हसले.

एस्थर : मी ओरडत होते, नको सोडूस, त्याची छाती मावणार नाही. मामा, मी याच्या दंडाला धरलं होतं. यानं हात झटकला आणि टर्कला सोडला. टर्क गेला तसा आत, बाटलीत बूच बसावं तसा बसला. त्याच्या पलीकडे नेटल. तिला बाहेर यायची वाट म्हणजे हीच. आता हा म्हणतो दारू लावा.

आयझॅक : हं.

लँटी : हं काय, मामा? फट अरुंद निघाली. मला काय स्वप्न पडलं होतं?

आयझॅक : लेका, फट हा डोंगर झाला तेव्हापासून तेवढीच आहे. रुंद झालं ते कुत्रं.

लँटी : तुम्ही पण आता! काय वाईट आहे टर्कमध्ये? हाड बघा त्याचं. जबडा बघा. मेंढपाळांच्या जत्रेत परीक्षकानं सगळ्यांसमोर सांगितलं, बिळात शिरणारा असा भरदार टेरियर कुत्रा या खोऱ्यात दुसरा नाही.

आयझॅक : भरदार आहेच. मी कुठे नाही म्हणतो. पण त्याच्या खांद्यामागं तुझे दोन्ही हात कधी घालून बघितलेस? बोटांना बोटं भिडतात?

लँटी : नाही भिडत.

आयझॅक : इथेच तर गोम आहे. तुझा बाप पिल्लू निवडायचा तर दुसरं काही बघायचाच नाही. आधी आपले हात पिल्लाच्या छातीभोवती. अंगठ्याला अंगठा, बोटांना बोटं. आणि हलकंच दाबून बघायचा, बरगडी दबते का. कोल्ह्याचं अंग सगळं केसांत असतं, लेका. भिजलेला कोल्हा बघितलायस ना? मांजराएवढा होतो. तो ज्या भोकातून जातो, तिथून गेलं पाहिजे. पाय मात्र लांब हवेत, नाहीतर बर्फात आणि ओढ्यात आपल्याच पाठीवर वाहून न्यावं लागतं.

लँटी : बापाच्या मापाचंच सांगताय तर पुढचंही सांगा की. बापाच्या त्या बोटं भिडणाऱ्या कुत्रीचं, पिंचरचं, काय झालं? मी होतो तिथे. मी पोरगा होतो, आणि बापानं तिला बाहेर काढली तेव्हा तिला खालचा जबडाच नव्हता. बाप मेंढ्यांच्या गोठ्यामागं जाऊन रडला. माझ्यासमोर कधी रडला नव्हता. मी तेव्हाच ठरवलं. माझ्या कुत्र्याला कोल्हा असा चावू शकणार नाही. त्याला मी हाड देईन, छाती देईन, वजन देईन. म्हणून टर्क असा आहे. जत्रेसाठी नाही.

एस्थर : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

लँटी : तू कधी विचारलंस? तुला मी म्हणजे फीत मिरवणारा.

आयझॅक : पिंचर म्हातारी झाली होती, लँटी. दात गेले होते तिचे. मी तुझ्या बापाला म्हटलं होतं, आता हिला चुलीपाशी बसव. त्यानं ऐकलं नाही. चूक मापाची नव्हती.

लँटी : असेल. आता काय त्याचं. मामा, तो बघा, आवाज बारीक झाला. दमलाय तो. एस्थर, मी पाया पडतो तुझ्या. ऊठ.

एस्थर : पाया पडू नकोस. मला बरं नाही वाटत ते.

लँटी : मग काय करू? उचलून बाजूला ठेवू?

एस्थर : ठेवून बघ. एकदा ठेवशील, मी परत येऊन बसेन. दहादा ठेवशील, दहादा बसेन. माझा नवरा विल्फ गेला तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मला असंच उचलायला बघितलं होतं. ‘एकट्या बाईला डोंगरावरचं शेत झेपायचं नाही, खाली गावात चल.’ नाही आले मी. दोन हिवाळे काढले. माझ्याबरोबर कोण होतं तिथे? तू होतास? नेटल होती. माझ्या एकाही कोकराला कोल्हा शिवला नाही, ते नेटलमुळे. या वर्षी तिला पिल्लं झाली, ती घरात होती, तेवढ्यातच कोल्हिणीनं डाव साधला. आणि आता तू म्हणतोस, मेलीच असेल. नाही. तिला बघितल्याशिवाय मी या शिळेवरून उठत नाही, आणि तुमच्या दारूला काडी लागू देत नाही.

आयझॅक : बरं झालं, निदान सगळ्यांचं बोलून झालं. आता मी बोलतो. दारू आणली म्हणजे लावलीच असं नाही. तिसरीही एक वाट आहे.

लँटी : कुठली?

आयझॅक : टर्क पुढं जात नाही कारण छाती अडकलीय. मागं येत नाही कारण पोटाखाली बारीक खडी गोळा झालीय. पाय झाडून झाडून त्यानंच ती केलीय. कुणी आत जाऊन खडी उकरली आणि त्याला शेपटीच्या बुडाशी धरून ओढला, तर येईल. टेरियरची शेपटी कापताना मुठीत धरता येईल एवढी ठेवतात, ती काय शोभेला?

लँटी : मी आज सकाळी तेच केलं! खांदे अडकले. तुम्ही यायच्या आत या बाईनंच पायाला धरून मला बाहेर ओढला.

आयझॅक : तू टर्कचाच भाऊ. मी गेलो असतो, पण माझे गुडघे आता वाकतात तेव्हा सांगून वाकत नाहीत.

एस्थर : मी जाते.

लँटी : डोकं फिरलंय?

एस्थर : माझ्या खांद्यांचं माप तुझ्यापेक्षा बरं आहे. दोर आण.

लँटी : नाही. मामा, नाही सांगा हिला. ही शिळा कालपासून आपण पहारींनी हलवलीय. ती जागची सुटलीय. खाली आली तर?

एस्थर : तिच्याखाली दारू लावायला मघाशी तूच निघाला होतास.

लँटी : तेव्हा आत कुत्री होती. तू नव्हतीस! आईला काय सांगू मी?

एस्थर : सांग, पोरगी तुझ्यावर गेली. हा कोट धर. मामा, गाठ घोट्यांच्या वर बांधा. घट्ट.

आयझॅक : दोनदा पाय आपटलेस तर ओढायचं. एकदा आपटलास तर ढील द्यायची. बोलता आलं तर बोल. आणि पोरी, कोपर अंगाखाली घेऊ नकोस, पुढंच ठेव. अंगाखाली अडकलं की ते पुढं काढता येत नाही.

(एस्थर डोक्याच्या बाजूनं फटीत शिरते. बाहेर फक्त तिच्या बुटांचे तळ दिसत राहतात, मग तेही नाही.)

लँटी : एस्थर? एस्थर! बोल काहीतरी.

एस्थर : तोंडात माती जातेय. काय बोलू?

लँटी : टर्क दिसतो का?

एस्थर : त्याचं ढुंगण दिसतंय. हो रे, हो. मी आहे. लाथा झाडू नकोस, बाबा. लँटी, याच्याशी बोल. तुझा आवाज ऐकला की स्थिर होतो.

लँटी : टर्क! शहाणं माझं पोर ते. उगी. उगी राहा. एस्थर येतेय. तिला चावू नकोस. तिला चावलास तर ती तुला उलटी चावेल.

आयझॅक : खडी कशी आहे?

एस्थर : ओली. मुठीनं निघतेय. मागं सारतेय, तुमच्याकडे येईल. हा, हा… याच्या पोटाखाली हात गेला. मामा, याच्या बरगड्या जराही दबत नाहीत हो. पिंपासारख्या आहेत.

लँटी : हळू!

एस्थर : श्वास सोडतो तेव्हा सुटल्यासारखा वाटतो. लँटी, गप्प बस आता. त्याला मोठा श्वास घेऊ देऊ नकोस. मामा, तयार राहा. शेपटी धरलीय. सोडला श्वास. ओढा! ओढा!

आयझॅक : लँटी, सावकाश. झटका नको. दोराला वजन दे नुसतं. असं. असं.

लँटी : येतेय. बूट दिसले! मामा, बूट दिसले!

एस्थर : माझं अंग सोलतंय, पण थांबू नका.

लँटी : आला! आला रे आला! टर्क! अरे माझ्या राजा. अरे, काय झालं रे तुझ्या तोंडाचं? बघा मामा, गाल फाडलाय. पण उभा राहतोय. बघा, उभा राहिला! एस्थर, तुझे उपकार मी… एस्थर?

एस्थर : शूऽऽ. ऐकू दे.

लँटी : काय?

एस्थर : वाट मोकळी झाली. आता ती यायला हवी. नेटल! नेटल, ये! ये बाई!

आयझॅक : जरा थांब. थोडा वेळ दे तिला.

एस्थर : नेटल!

लँटी : एस्थर… इकडे बघ. बस जरा. तुझे हात बघ काय झालेत. तू केलंस ते कुणी केलं नसतं. पण आता…

एस्थर : नको म्हणूस ते.

लँटी : मी तुझ्या वाईटासाठी म्हणत नाही. आली असती गं.

आयझॅक : लँटी, कुत्रं इकडं आण. उजेडात. तोंड वर कर त्याचं. हं. ही जखम कालची ना?

लँटी : कालचीच. आत गेल्या गेल्या किंचाळला होता तो, तेव्हाची.

आयझॅक : म्हणजे हा अडकला तेव्हा याचं डोकं पलीकडं मोकळ्या जागेत होतं, आणि कोल्हीण समोर. याला ना पुढं जाता येत, ना मागं. तिनं याचं सगळं तोंड फाडायला हवं होतं. एकदाच चावली. का थांबली?

लँटी : का?

आयझॅक : कुणीतरी थांबवलं असेल तिला. आणि आता हे बघ. डोळ्याखाली. रक्ताची एक खपली नाही. माती नाही. ओलं आहे, लेका, हात लावून बघ. आपल्या डोळ्याखाली कुठल्या कुत्र्याची जीभ पोचते?

लँटी : …देवा.

आयझॅक : चाटत बसली होती कुणीतरी. आजसुद्धा.

एस्थर : दोर बांधा.

लँटी : एस्थर, थांब. शिळा खाली सरकलीय. खरंच सरकलीय, ती रेघ बघ. मामा, खोटं बोलतोय का मी?

आयझॅक : नाही. बोटभर सरकलीय.

एस्थर : दोर बांधा नाहीतर तशीच जाते.

लँटी : हिचं काय करावं! बांधा, मामा, बांधा. पण थांब. मी आधी शिळेखाली जातो.

आयझॅक : काय करतोस?

लँटी : पहार इथे अडकवा. हां. आणि पाठ मी लावतो. उंची बरोबर येतेय. माझी रुंदी कुठे तरी कामाला येऊ दे. जा एस्थर, लवकर जा. आणि लवकर ये, मी काही डोंगर नाही.

एस्थर : लँटी, पाय घसरू देऊ नकोस.

लँटी : तू जा!

आयझॅक : गेली. पोरगी मघापेक्षा झपाट्यानं जातेय. टर्क होता तिथवर पोचली बघ, दोर तेवढाच गेलाय. एकदा आपटला. ढील देतो.

लँटी : मामा, तिला सांगू नका. माझा डावा पाय थरथरतोय.

आयझॅक : दिसतंय. बोलू नकोस. श्वास धर.

एस्थर : मामा! इथे खाली खड्डा आहे, टर्कचं तोंड होतं त्याच्या बरोबर खाली. हातभर खोल असेल. कोल्हीण पडलीय. थंडगार झालीय.

आयझॅक : आणि?

एस्थर : थांबा. दिसत नाही काही, हातानं चाचपतेय. हे केस कोल्हिणीचे. हे पण तिचेच. हे… नाही, हे राठ आहेत.

लँटी : एस्थर? काय झालं? बोल!

एस्थर : जीभ लागली. माझ्या बोटांना जीभ लागली, लँटी.

लँटी : देवा. देवा रे.

एस्थर : तिला वर चढता येत नाहीये. पाय मोडलाय बहुतेक, पुढचा. जबड्याला सूज आहे, म्हणून भुंकता येत नव्हतं. मानेची कातडी धरते. ये. ये माझी बाई. लागेल, पण ये.

आयझॅक : आली की दोनदा आपट.

लँटी : मामा, लवकर.

आयझॅक : आपटलं. ओढतोय. तू हलू नकोस. जरासुद्धा हलू नकोस. ओढतोय मी, येतेय ती. म्हाताऱ्याच्या हातात अजून आहे थोडं. बूट. गुडघे. हां, पोरी, लोळ बाजूला. लोळ! आली! लँटी, पहार सोड आणि उडी मार!

लँटी : बापरे.

आयझॅक : शिळा बसली. बघ, फट बंद झाली. कोल्हिणीला कबर झाली आयती.

लँटी : एस्थर, लागलं?

एस्थर : नाही. तुला?

लँटी : पाठ उद्या सांगेल. दाखव ना गं तिला. एवढीशी झालीय. नेटल? ओळखतेस का मला? हिनं शेपूट हलवलं! मी काल हिच्या वाटेत कुत्रा कोंबला, मघाशी हिला मेली म्हणालो, आणि ही शेपूट हलवते.

एस्थर : तिला ऐकू आलं नसेल.

लँटी : तुला तर आलं.

एस्थर : हो. मला आलं. आणि ते मी विसरेन असं समजू नकोस. पण तू शिळेखाली उभा राहिलास, तेही नाही विसरणार.

आयझॅक : उन्हं उतरली. माझ्या बहिणीनं चुलीवर बटाटे आणि मटण चढवलं असेल, आणि माझा पाठीवरचा बोजा आहे तेवढाच परत न्यायचाय. पायाला काठीची पट्टी बांधतो मी हिच्या, हाड सरळ आहे. जुळेल.

लँटी : खाली टोळीतले लोक खाणावळीत वाट बघत असतील. मी सांगेन त्यांना.

एस्थर : काय सांगशील?

लँटी : टर्कला मी पुन्हा दगडांत सोडणार नाही. घरी ठेवीन, अंगणात, जत्रेत. चांगला कुत्रा आहे तो. फक्त ही त्याची जागा नाही. सांगेन असं. हसले तर हसू देत.

एस्थर : मी येईन तुझ्याबरोबर. कोण हसतं ते बघू.

लँटी : तुझ्या हातांची सालं निघालीत. तिला माझ्याकडे दे. कोटाच्या आत घेतो, गरम राहील.

एस्थर : तुझ्याकडे?

लँटी : नीट धरेन गं.

एस्थर : मोडका पाय वरच्या बाजूला ठेव. डोकं तुझ्या काखेत. हं, असं.

लँटी : एस्थर, ही थरथरतेय.

एस्थर : मग सावकाश चाल.